दख्खनच्या नद्या, मासे आणि कर्नल साइक्स

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्याचा पश्चिम आणि दक्षिण भाग भीमेच्या खोऱ्यात, तर उत्तर आणि पूर्व भाग गोदावरीच्या खोऱ्यात मोडतो. परंड्याच्या बाजूने सीना वाहते, नळदुर्गाच्या तटाखालून बोरी, तेरच्या काठाने तेरणा आणि कळंबच्या अंगाने मांजरा. या नद्या, त्यांवरची धरणे आणि गावोगावचे तलाव हीच इथल्या मत्स्याहारी कुटुंबांची जुनी कोठारे. कोकणातून बर्फात घालून येणारी सुरमई, बांगडा शहरात मिळू लागले असले तरी आठवडी बाजारातल्या टोपल्यांमध्ये गोड्या पाण्याचा मासाच अधिक दिसतो.

मासा हा वास्तविक सर्वांत लवकर शिजणारा सामिष पदार्थ. मटणाला तास-दीड तास लागतो, कोंबडीलाही पाऊण तास द्यावा लागतो. माशाचे स्नायू आखूड थरांचे असतात आणि त्यांना जोडणारे ऊतक कोवळे असते, त्यामुळे कालवणाला उकळी फुटल्यावर सात-आठ मिनिटांत तुकडा शिजतो. तव्यावरचा तुकडा एका बाजूने चार-पाच मिनिटे ठेवला की पुरे. कांदा-खोबरे भाजून केलेले वाटण घरात तयार असेल आणि काळा मसाला डब्यात असेल, तर ज्वारीच्या चार भाकरी थापून होईपर्यंत कालवण तयार होते. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या गृहिणीला याहून सोयीचे जेवण सापडणे कठीण. अडचण येते ती त्याआधी, टोपलीतला मासा कोणता हे ओळखताना. मरळ, वाम किंवा शिंगाळा असेल तर मधला काटा सोडून फारसे काटे नाहीत, मुलांच्या ताटात निर्धास्त वाढावा. कोळीस किंवा तत्सम खवल्यांचा मासा असेल तर मांसातच इंग्रजी ‘वाय’ या अक्षराच्या आकाराचे बारीक काटे विखुरलेले, तेव्हा कापण्याची रीत निराळी आणि खाण्याचा वेगही निराळा. नाव कळले की निम्मा स्वयंपाक झाला, असे नदीकाठची मंडळी मानतात ते यामुळे.

ही नावे छापील शास्त्रात पहिल्यांदा नीट नोंदवली गेली ती जवळजवळ १९० वर्षांपूर्वी, आणि ती नोंदवणारा माणूस स्वयंपाकी नव्हता, कोळी नव्हता की मराठीही नव्हता. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी होते. पक्षिनिरीक्षकांना त्यांचे नाव परिचित आहे. दख्खनच्या माळरानावरचा एक तुरेवाला चंडोल आजही इंग्रजीत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माशांच्या बाबतीत मात्र त्यांची आठवण मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी लॉर्ड लेक यांनी भरतपूरला घातलेल्या वेढ्यात ते होते. १८१० मध्ये हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या दुभाषाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये भाषा शिकणे हे बढतीचे साधन होते, त्यामुळे यात फार कौतुक वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु साइक्स यांचे मराठी कचेरीपुरते राहिले नाही, ते पुढे नदीच्या घाटावर आणि गावच्या चावडीत उपयोगी पडले, आणि त्यांच्या साऱ्या कामाचा पाया तिथेच घातला गेला.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढायांत साइक्स देशी पलटणीचे नेतृत्व करीत होते. त्यानंतरच्या मोहिमेत डोंगरी किल्ले घेण्याच्या कामातही ते सहभागी होते. ज्या नद्यांचे मासे त्यांनी पुढे इतक्या आस्थेने अभ्यासले, त्या नद्यांच्या काठी ते प्रथम आले ते शत्रुसैन्याचे अधिकारी म्हणून, ही गोष्ट मराठी वाचकाला विसरता येणार नाही. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले आणि १८२० मध्ये रजा घेऊन युरोपात गेले. तिथे चार वर्षे त्यांनी प्रवासात घालवली. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी लिहिलेला वृत्तान्त याच सुमारास मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. लेणी, शिलालेख, जमिनीचे वतन, पाऊस, रेशमाचे किडे अशा कशाचेही कुतूहल असणारा हा माणूस होता.

१८२४ मध्ये विवाह करून ते मुंबईला परतले. मुंबईचे गव्हर्नर त्या वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. पेशवाई जाऊन सहा वर्षे झाली होती, नव्याने हाती आलेल्या मुलखाची नेमकी माहिती सरकारजवळ नव्हती. एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची नेमणूक मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची लोकसंख्या, जमिनीचे प्रकार, पिके, बाजारभाव, हवामान, वनस्पती आणि प्राणी अशी सर्वांगीण माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. यामागे सरकारचा हेतू अर्थातच महसुलाचा होता. कोणत्या गावातून किती वसूल होऊ शकतो हे कळल्याशिवाय राज्य चालत नाही.

आजचा धाराशिव जिल्हा या चारांमध्ये नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता आणि कंपनीच्या मुलखाची पूर्वेकडची हद्द त्याला येऊन भिडत असे. साइक्स यांचे जाळे भीमा, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांत पडले. पण नद्यांना आणि त्यांतल्या माशांना राज्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. सीना आणि बोरी पुढे भीमेलाच मिळतात, आणि भीमेतला शिंगाळा सीनेत येताना कोणाचा परवाना मागत नसे. परंड्याच्या किंवा नळदुर्गाच्या काठावर त्या काळी जे मासे रांधले जात असतील त्यांची पहिली शास्त्रीय यादी हवी असेल, तर ती साइक्स यांच्याच कागदांत शोधावी लागते.

पाच वर्षे काम चालले. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने काटकसरीपायी हे पदच रद्द केले. दुसरा एखादा अधिकारी दप्तर बांधून पलटणीत परतला असता. साइक्स यांनी लष्करी कामातून मोकळीक मागून घेतली आणि पद नसताना हौसेने उरलेले काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण झाले. त्याच वर्षी ते मायदेशी निघाले ते परत न येण्यासाठीच. १८३३ मध्ये त्यांनी लष्करातून निवृत्ती घेतली.

त्यांच्या सामानात आकड्यांच्या वह्यांबरोबर प्राण्यांचे नमुने आणि चित्रे होती. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीला स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येक नव्या जिवाला तिथे उत्सुक श्रोते मिळत. १८३१ मध्ये साइक्स यांची दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध झाली, १८३२ मध्ये पक्ष्यांची. मराठीत ज्याला कोळसुना म्हणतात त्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी केले. तळ्याकाठी निश्चल उभा राहणारा आणि उडाला की एकाएकी पांढरा दिसणारा वंचक बगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, त्याला शास्त्रीय नाव दिले ते साइक्स यांनीच. मग त्यांनी मासे हाती घेतले. १८३९ मध्ये संक्षिप्त रूपात आणि १८४१ मध्ये सविस्तर, चित्रांसह, ‘दख्खनचे मासे’ हा त्यांचा निबंध छापून झाला. त्यात ४६ जातींची वर्णने होती आणि त्यांतल्या बहुतेक जाती शास्त्राला तोवर अज्ञात होत्या.

या निबंधाचे मोल दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे पद्धत. बाटलीतल्या मद्यार्कात बुडवून ठेवलेला मासा महिन्याभरात रंग सोडतो आणि आक्रसतो. युरोपातले कितीतरी मत्स्यतज्ज्ञ अशाच मेलेल्या, फिकट नमुन्यांवरून वर्णने लिहीत असत. साइक्स यांनी चित्रे आणि मापे घेतली ती नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या माशांवरून. खवल्यांची चमक, कल्ल्यांचा रंग, परांवरची छटा या गोष्टी त्यामुळे नोंदल्या गेल्या. मासळीबाजारात आपणही याच खुणा पाहतो. कल्ला लालभडक आहे का, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का, हे पाहिल्याशिवाय जाणती बाई टोपलीला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. नव्या जातीला लॅटिन धाटणीचे दोन शब्दांचे नाव द्यावे लागते. साइक्स यांनी त्यांतला दुसरा शब्द अनेकदा सरळ मराठीतून उचलला. शिंगट्याला त्यांनी सिंगटी हे नाव दिले आणि शिंगाळ्याला सिंघाला. कोळीस माशाचे कोलस झाले, खरपा माशाचे कुर्पा. खुद्री, मुसल्ला, बोगट, पोटेल, मल्ल्या, फुलंगी, संदखोल, टाकरी, गुंगवारी ही सगळी नावे त्यांच्या निबंधात आहेत. एका माशाच्या नाकाडावर चमत्कारिक उंचवटा असतो आणि त्याखाली खोल खाच, जणू नाक कापून टाकले आहे. त्याला मावळातले लोक नकटा म्हणत. शास्त्रात त्याचे नाव नुक्ता असे रूढ झाले आणि आजही तेच आहे. ज्या नव्या प्रजातीत साइक्स यांनी काही चपटे, रुंद मासे घातले तिला तर त्यांनी ‘रोहटी’ हेच नाव दिले. जगातल्या कोणत्याही विद्यापीठातला मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी आज टोर खुद्री किंवा गारा मल्ल्या म्हणतो तेव्हा तो नकळत भीमाकाठचे मराठी बोलत असतो.

ही प्रथा साइक्स यांनी सुरू केली असे मात्र नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोहिता, कटला, मृगला अशी बंगालकडची नावे त्यांनी याच रीतीने वापरली होती. साइक्स यांनी तोच धडा दख्खनमध्ये गिरवला. त्यांचे वेगळेपण असे की ते एका संग्रहालयात बसून लिहीत नव्हते. नदीवर मासे धरणाऱ्या भोई-कोळ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलून ते माशाचे नाव विचारीत. माशाची चव कशी, काटे किती, लोक तो खातात की टाकून देतात, असे शेरेही त्यांच्या वर्णनांत ठिकठिकाणी आढळतात. मोजमापाच्या कोरड्या ओळींमध्ये असा एखादा शेरा आला की लिहिणाऱ्याने मासा नुसता मोजला नाही, जेवणातही घेतला, हे कळून येते.

उणे काढायचे झाले तर तेही काढता येते. जिथे मराठी नाव घेतले नाही तिथे साइक्स यांनी आपल्या लंडनमधील स्नेह्यांची नावे दिली. मोठ्या तोंडाचा, पुरुषभर लांब होऊ शकणारा एक मासा पक्षितज्ज्ञ विल्यम यॅरल यांच्या नावे झाला, दुसरा सोसायटीचे चिटणीस ऑगिल्बी यांच्या नावे. नदीतल्या ‘परी’ नावाच्या चकचकीत माशाला चिल्ड्रेनी हे नाव मिळाले. मुलाबाळांशी त्याचा काही संबंध नाही, ब्रिटिश म्युझियममधील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन नामक अधिकाऱ्याचा तो गौरव आहे. परी हे इतके सुंदर नाव हाताशी असताना साइक्स यांनी ते का टाळले असावे, असा प्रश्न पडतो. आणि ज्यांनी जाळी टाकून हे सगळे मासे त्यांच्या पुढ्यात ठेवले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही माशाला लागले नाही. त्यांचे शब्द तेवढे राहिले.

या शब्दांचा स्वयंपाकघराशी असलेला संबंध पाहू. साइक्स यांच्या यादीतील मासे ढोबळमानाने दोन कुळांत पडतात. खवले असलेले, कटला-रोहूच्या नात्यातले मासे एकीकडे. कोळीस, बोगट, पोटेल, खुद्री हे यांत येतात. यांचे मांस गोड असते, पण काटे फार. अशा माशाचे घाईच्या दिवशी जाड तुकडे करून रसात सोडले तर जेवताना सगळा वेळ काटे वेचण्यात जातो. त्यावर जुना उपाय असा की माशाच्या दोन्ही अंगांना पातळ सुरीने अगदी जवळजवळ आडव्या खाचा द्यायच्या, मीठ, हळद, तिखट आणि चिंचेचा कोळ चोळायचा, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तेलात कुरकुरीत तळायचे. बारीक काटे तुटतात, तळून खुसखुशीत होतात आणि तोंडात अडत नाहीत. अळकूट, चाल अशी बोटाएवढी चंदेरी मासळी असेल तर तिचे पोट साफ करून ती अख्खीच तळतात आणि काट्यासकट खातात. याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

दुसरे कूळ बिनखवल्यांच्या, मिशाळ माशांचे. शिंगटा, शिंगाळा, टाकरी, परी हे त्यात येतात. यांना मधला कणा असतो, मांसात विखुरलेले काटे जवळपास नसतात. मरळ आणि वाम ही निराळ्या कुळांतली असली तरी खाणाऱ्याच्या दृष्टीने याच गटात बसतात. हे मासे कालवणासाठी उत्तम. लसूण, भाजलेले सुके खोबरे, कोथिंबीर आणि काळा मसाला यांचे वाटण तेलात परतावे, पाणी घालून उकळी आणावी, चिंच टाकावी आणि मगच तुकडे सोडावेत. तुकडे आधी टाकून रस्सा नंतर उकळत ठेवला तर मासा विरतो, ही चूक नवशिक्यांकडून नेहमी होते. शिंगाळ्याच्या आणि शिंगट्याच्या परांना टोकदार काटा असतो, साफ करताना तो आधी कापून टाकणे चांगले. हाताला लागला तर पुढचे दोन दिवस पीठ मळता येत नाही.

गोड्या पाण्याच्या माशाला येणारा चिखलट वास अनेकांना नकोसा होतो, शहरातली कित्येक घरे केवळ त्यासाठी नदीचा मासा घेत नाहीत. पाण्यातील सूक्ष्म जिवांनी तयार केलेले एक द्रव्य माशाच्या मांसात साठते, त्याचा तो वास. आंबट पदार्थाने हे द्रव्य बरेचसे नष्ट होते. चिंच, लिंबू किंवा आंबट ताक लावून मासा दहा मिनिटे ठेवायचा आणि धुऊन घ्यायचा, ही आजीबाईंची रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे.

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांच्या आयुष्याने मोठी वळणे घेतली. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे १८६३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. दख्खनच्या हवेचा दाब दिवसातून दोनदा नियमाने चढतो आणि उतरतो, या विषयावरचा त्यांचा शोधनिबंध रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले, १८५६ मध्ये अध्यक्षपदी पोहोचले. चौदाव्या वर्षी साधा कॅडेट म्हणून भरती झालेला मुलगा त्या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, आणि दोनच वर्षांत, १८५७ च्या उठावानंतर, कंपनीच्या हातून हिंदुस्थानचा कारभार गेला.

१८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होते. तिथेही त्यांनी वेगळेच सूर लावले. चीनमधील ताइपिंग उठावाच्या बाबतीत ब्रिटिश सरकारच्या धोरणावर त्यांनी टीका केली आणि त्यावर लिहिलेही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी हिंदुस्थानातील आरोग्याच्या प्रश्नावर त्यांचा पत्रव्यवहार होता. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यासाठी माणसे बलूनमधून पाठवण्याची योजना ब्रिटिश असोसिएशनने १८६२ मध्ये हाती घेतली, तिच्या समितीतही साइक्स होते. प्राचीन भारतातील बौद्ध धर्मावर त्यांनी लिहिले, दख्खनच्या जमीनधाऱ्याच्या पद्धतींवर लिहिले. मासे मात्र त्यांनी पुन्हा हाती घेतले नाहीत. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थानच्या माशांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला, त्यात दख्खनच्या माशांसाठी साइक्स यांच्या वर्णनांचा आधार आहे.

त्यांच्या यादीतील माशांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या ताटाशी अधिक निगडित आहे. साइक्स यांनी पाहिलेली भीमा वाहती होती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, सीनेवर, तेरणेवर, बोरीवर बांध पडले. वाहत्या पाण्यात, खडकाळ डोहांत वाढणाऱ्या माशांची जागा साठलेल्या पाण्यात रमणाऱ्या माशांनी घेतली. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेतील तिलापिया, आपल्याकडची चिलापी, हा त्यांत सर्वांत यशस्वी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज देशभरातल्या तलावांत सोडता येऊ लागले. गंगेच्या खोऱ्यातले हे मासे अशा रीतीने धाराशिवच्या बाजारात आले. हॅमिल्टन यांची बंगाली नावे साइक्स यांच्या मराठी नावांच्या टोपलीत येऊन बसली म्हणायची.

यात सगळेच वाईट झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिलापीच्या मांसात बारीक काटे नसतात, ती स्वस्त असते आणि तव्यावर दहा मिनिटांत होते. घाईच्या संध्याकाळी तिच्याइतका सोपा मासा नाही. तलावात सोडलेल्या कटला-रोहूमुळे मच्छीमार सोसायट्यांना उत्पन्न मिळाले. पण धरणाच्या पाण्यावर उभे राहिलेले हे कोठार पावसाच्या भरवशावरचे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत मराठवाड्यातल्या कोरड्या तलावांच्या काठी मासा कुठून येणार होता?

नदीतल्या मूळच्या माशांची स्थिती त्याहून बिकट आहे. बांध, वाळूउपसा, शहरांचे सांडपाणी आणि बारीक आसाची जाळी या सर्वांचा मार त्यांना बसला. साइक्स यांनी वर्णन केलेल्या माशांपैकी नकटा, परी, संदखोल आणि मुसल्ला या जाती निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. त्याचे नशीब थोडे बरे निघाले. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याचे प्रजनन सुरू केले आणि तिथली पिल्ले देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली.

नावे मात्र अजून पुरती बुजलेली नाहीत. भीमाकाठच्या मासळीबाजारांत कोळीस, शिंगाटा, वाम, मरळ, फंगट असे शब्द कानांवर पडतात. फंगट म्हणजे बहुधा साइक्स यांचा पंगुट. तरुण गिऱ्हाईक सरसकट सगळ्याला ‘रोहू’ म्हणते, विक्रेताही मग वाद घालत नाही, तुकडे करून पिशवीत भरतो. घरी गेल्यावर तो कोळीस निघतो आणि मुले काट्याची तक्रार करतात. शिंगाट्याचा भाव कोळशीहून जास्त का, हे विचारले तर टोपलीमागे बसलेली बाई आजही बोटाने कणा दाखवून समजावून सांगते.